पाचव्या समीकरणाचं उद्यापन

“राखी, आधी मोज, मग लिही. बाणाच्या अलीकडे जेवढं आहे तेवढं सगळं पलीकडे पोचलं पाहिजे. वाटेत काही सांडायचं नाही. आणि हे पाचवं उद्या करून आण.”

पगार सरांचा हा आवाज मला पस्तीस वर्षांनी सोमवारी सकाळी, लोखंडी पेटीच्या तळाशी ऐकू आला. पेटी माहेरची, नांदगावची. भाऊ दीपक घराला रंग देत होता आणि त्याची बायको हर्षाली हिने “ताईंचं ताईंकडं” म्हणून ती नाशिकला पाठवून दिली. आत आईची पैठणी असेल अशी माझी समजूत होती. निघाली विज्ञानाची वही. शेवटच्या पानावर पाच समीकरणं, चारांवर बरोबरच्या खुणा, पाचव्यापुढे लाल शाईत सरांचं अक्षर: ‘अपूर्ण. उद्या दाखव.’ त्याखाली माझं अक्षर: ‘हो सर, उद्या नक्की.’

तो उद्या उजाडलाच नाही. त्या रात्री आई आजारी पडली, मी चुलीपाशी बसले ती बसलेच, पुढे दोन वर्षांनी लग्न होऊन इकडे आले. यात कुणाचा दोष नाही. पण मी कोण आहे ते ध्यानात घ्या. सोळा सोमवार, संकष्टी, एकादशी, रोज सकाळी पोथीचा अध्याय, संध्याकाळी दिवा लावल्यापासून एकशे आठ जप होईपर्यंत मौन. तीस वर्षांत एकाही नेमाला मी खंड पडू दिला नाही. मनातल्या मनात मला त्याचा थोडा अभिमानही होता, हे देवापुढे कबूल करते. आणि इथे सरांच्या लाल शाईखाली, तारखेसकट, मी दिलेला शब्द मोडून पडलेला.

मी तिथल्या तिथे संकल्प सोडला. पाचवं समीकरण स्वतः सोडवीन, कुणाला उत्तर विचारणार नाही, आणि सरांनी तपासेपर्यंत चहा पिणार नाही.

“चहाच का?” ह्यांनी विचारलं. हे म्हणजे माझे यजमान, ललितराव. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत आणि घरातल्या ज्या गोष्टी सैल नाहीत त्याही आवळत असतात.

“कारण तो सुटत नाही,” मी म्हटलं.

“मग समीकरण तरी कुठं सुटतंय?” असं म्हणून हे स्वतःचा चहा माझ्या समोर बसून प्यायले. मी रागावले. मी रागावले की माझा आवाज आणखी खाली जातो, तो ह्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्या घरी भांडण म्हणून होत नाही.

समीकरण असं होतं:

FeS₂ + O₂ → Fe₂O₃ + SO₂

म्हणजे लोखंड आणि गंधक यांचा एक खडा असतो, सोन्यासारखा चकाकतो पण सोनं नसतो. तो हवेतल्या ऑक्सिजनमध्ये जाळला की एकीकडे लोखंडाचा गंज उरतो आणि दुसरीकडे गंधकाचा उग्र वायू उडून जातो. डावीकडे लोखंड एक, उजवीकडे दोन. ऑक्सिजन डावीकडे दोन, उजवीकडे पाच. नुसता गोंधळ. प्रत्येकाच्या पुढे योग्य आकडा लिहून दोन्ही बाजू सारख्या करायच्या, एवढंच काम. सोमवारी मला वाटलं होतं, दुपारच्या आरतीपर्यंत होईल.

मंगळवारी मी दहावीचं पुस्तक आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, “मराठी माध्यम की सेमी? नातवाला का, काकू?” मी म्हटलं, मला. त्याने पिशवीत पुस्तकाबरोबर एक फुकटची पट्टी टाकली आणि “शुभेच्छा हं” असं इतक्या हळुवारपणे म्हणाला, की मला माझ्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

पुस्तक मात्र सुरेख निघालं. मी पोथीसारखं ते पाटावर ठेवून वाचू लागले, आणि शेजारच्या मालनबाई रोज दुपारी श्रवणाला येऊन बसू लागल्या. मालनबाई मूळच्या हरसूलच्या, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, शाळा चौथीपर्यंत, सल्ला पदवीपर्यंत.

“दोन पदार्थ एकत्र येऊन एकच तयार होतो, ती संयोग अभिक्रिया,” मी वाचलं.

“लगीन,” मालनबाई म्हणाल्या.

“एकाचे दोन होतात, ती अपघटन.”

“भावाभावांची वाटणी. पुढं वाच.”

“एक जण येऊन दुसऱ्याला त्याच्या जागेवरून हटवतो आणि स्वतः तिथे बसतो, ती विस्थापन.”

मालनबाईंनी जरा वेळ जपमाळेसारखी पदराची गाठ फिरवली. “ती म्या हाय,” त्या म्हणाल्या. “पूजा सून म्हनून आली, तवापासून ओट्याला हात लावू देत नाय. लय गुणाची हाय, पण हटवलं ते हटवलंच.”

“आणि दोघं आपापल्या जोडीदारांची अदलाबदल करतात, ती दुहेरी विस्थापन.”

“साटंलोटं. आमच्या चुलत्याकडं दोन झालीत. हे समदं तर आमाला ठावं हाय, छाया. यात शिकायचं काय?”

माझ्या मनाला मात्र विस्थापन चाटून गेलं. शाळेत मी राखी लहानू बोरसे होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिलं आणि मी छाया ललित खैरनार झाले. नाव, वडील, आडनाव, एका ताटात तीन विस्थापनं. पुस्तकात याला शब्द नाही.

शब्द नाही म्हणजे काय होतं ते बुधवारी कळलं. सर आहेत की नाहीत, असले तर कुठे, हे विचारायला मी नांदगावच्या शाळेत फोन केला. कार्यालयातले गृहस्थ फार सभ्य होते.

“सरांचा पत्ता तसा देता येत नाही, मॅडम. माजी विद्यार्थी असाल तर अर्ज करा. नाव?”

“राखी लहानू बोरसे.”

“आधार कार्डावर?”

“छाया ललित खैरनार.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. “हे जुळत नाही, मॅडम. इकडची एक बाई तिकडे दुसरीच निघतेय. नाव बदलल्याचं राजपत्र आहे?”

“तांदळात लिहिलं होतं.”

“ते तांदूळ आहेत का?”

मी म्हटलं, त्यांची खीर झाली. ते म्हणाले, मग अवघड आहे. यात त्यांची चेष्टा नव्हती. त्यांना खरोखर वाईट वाटलं. असंतुलित समीकरण म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्यांनीच चांगलं समजावलं.

शेवटी मी हर्षालीला फोन लावला. ती म्हणाली, “पगार सर? ओ ताई, ते काय आमच्या मागच्या गल्लीत. रोज सकाळी फुलं तोडाया येतात आपल्या कुंपणाची. शाळेत कशाला फोन केला?” मग जरा थांबून म्हणाली, “पण येनार असाल तं लवकर या. मुलगी घेऊन चालली त्यांना बडोद्याला, कायमचं. रविवारी रात्रीची गाडी हे.”

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मी बोटांवर मोजले. चार दिवस, आणि डोकं चहाविना ठणकत होतं.

आता माझी पद्धत सांगते. कागदावर अणू दिसत नाहीत, म्हणून मी पूजेचं साहित्य घेतलं. लोखंड म्हणजे सुपारी. गंधक पिवळं, म्हणून हळकुंड. ऑक्सिजनला पुष्कळ नग लागणार, म्हणून भाजलेले शेंगदाणे. मध्ये बाण म्हणून उदबत्ती. सूत्राच्या पायाशी जे छोटे आकडे असतात ते बदलायचे नाहीत, असं पुस्तक बजावतं. ते मला लगेच पटलं. ती जोडवी आहेत, पायातून काढायची नसतात. आपल्या हाती फक्त पुढचा मोठा आकडा.

गुरुवारी दुपारी ताळा जमत आला होता. मी पोळ्या लाटायला उठले, परत येऊन मोजलं तर डावीकडचा ऑक्सिजन चारने कमी. पुन्हा मोजलं, सहाने कमी. मी घाबरले. वस्तुमान नाश पावत नाही, असा नियम आहे, आणि तो नियम माझ्या देवघरासमोर मोडला जात होता. मग मला चावण्याचा आवाज आला.

“खारे असते तर बरं झालं असतं,” हे म्हणाले.

“तुम्ही ऑक्सिजन खाल्लात,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही.”

पण शेंगदाणे हे खरं कारण नव्हतं. खरं कारण मी स्वतः होते, आणि तेही धर्मामुळे. पुढचा आकडा म्हणून मी एक घालत होते, तीन, पाच, सात, अकरा. दोन, चार, आठ यांच्याकडे माझा हातच जाईना. आहेराच्या पाकिटात आपण पन्नास घालत नाही, एक्कावन्न घालतो. शंभरावर एक ठेवतो. वरचा एक नसेल तर व्यवहार तिथेच मिटला असं होतं, नातं पुढे चालत नाही. चार आणि आठ लिहून सरांसमोर जायचं म्हणजे मला तरी बरं दिसेना. मालनबाईंचंही तेच मत पडलं. “नुसते दोन कसे लिहितीस? वर एक ठेव.” मी एकेक वर ठेवत गेले आणि समीकरण एकेकाने हुकत गेलं. उदबत्तीच्या एका बाजूला कायम एक सुपारी पोरकी राहायची.

शुक्रवारी मालनबाईंनी निदान बदललं. “नुसत्या सुपाऱ्या मांडून काय कळनार? खरं जळताना बघ एकदा. डोळ्यांनी बघितलं की डोकं चालतं.” हा सल्ला मी ऐकायला नको होता. पण चार दिवस चहा न घेतलेली बाई कोणताही सल्ला ऐकते.

पंचवटीतल्या कृषी सेवा केंद्रात गंधक मिळतं, द्राक्षांवर मारायला. दुकानदाराने विचारलं, “किती एकर, ताई?”

“एकर नाही. एका समीकरणासाठी.”

“समीकरण? नवी जात आली का? बी असतं की बिनबियांचं?”

मी म्हटलं, अजून फळ धरलेलं नाही. त्याने पावशेर पुडी बांधून दिली.

संध्याकाळी मागच्या अंगणात धुपाटण्यात निखारे घेतले आणि वर चमचाभर गंधक टाकलं. निळी सुंदर ज्योत आली. तेवढ्यात दिवेलागण झाली, म्हणून मी आत जाऊन दिवा लावला आणि माळ घेतली. विसाव्या मण्याला ह्यांना खोकला लागला. चाळिसाव्याला शेजारी पाळण्यातलं मूल रडू लागलं. साठाव्याला सोसायटीचे चेअरमन धोंडीरामभाऊ नाकाला रुमाल लावून दारात उभे होते आणि मागे वीसेक माणसं.

“वहिनी, गॅस गळतोय का तुमच्याकडे?”

मी मौनात. एकसष्ट. मी मानेने नाही म्हटलं.

“मग कुठे गळतोय?”

मी अंगणाकडे बोट केलं. मग पिवळ्या झेंडूला हात लावून दाखवला, नाकाला बोट लावलं आणि ऑक्सिजन दोन असतात म्हणून दोन बोटं वर केली.

“दोन सिलिंडर फुटणार म्हनते,” मालनबाईंनी मागून भाषांतर केलं.

पुढच्या पाच मिनिटांत आमच्या गल्लीत अठरा घरांतले गॅसचे सिलिंडर रस्त्यावर आले. कुणी गॅस एजन्सीला फोन करत होतं, कुणी देवाला. अग्निशमन दलाचा नंबर कुणाला आठवेना, हीच काय ती देवाची कृपा. हे एकटे पाना घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आमचा रेग्युलेटर, जो बरोबर होता, तो आणखी आवळला. शेवटचा मणी झाल्यावर मी उठले, धुपाटण्यावर परात उपडी घातली आणि सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, “सल्फर डायऑक्साइड होता.” ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

शनिवारी सकाळी फलकावर सूचना लागली: ‘सोसायटीच्या आवारात धार्मिक अथवा शैक्षणिक कारणास्तव गंधक जाळू नये.’ नाव घातलं नव्हतं, हा धोंडीरामभाऊंचा सभ्यपणा. पण दूधवाल्यापासून सगळे माझ्याकडे बघून नाकाला हात लावत होते. मी त्या मुलाच्या आईकडे जाऊन क्षमा मागून आले, वही मिटली, आणि देवासमोर बसून म्हटलं, आपला शब्द मोडला तो मोडलाच. काही व्रतं पूर्ण होत नसतील. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

दुपारी मालनबाई आल्या. कालच्या भाषांतराबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वतःचाच घोर लावून बसल्या. अधिक महिना तोंडावर आला होता आणि त्यांनी मेहुणं जेवायला सांगितली होती. मेहूण म्हणजे नवराबायकोचं जोडपं. अधिकात त्यांना जेवू घालून अनारशाचं वाण द्यायचं.

“अकरा मेहुणं सांगितली. पूजा म्हनती, पानं बावीस होत्यात, बसवनार कुठं?”

“अकराची बावीस कशी?” माझं लक्ष नव्हतं.

“मंग? नवरे काय उभे ऱ्हानार हायेत? मेहूण मोजायचं एक, पानं मांडायची दोन. त्यात सम-विषम नसतंय बघायचं. जोडीचं पुण्य जोडीला.”

माझ्या हातातली वात तशीच राहिली.

“मालनबाई, पुन्हा सांगा.”

“आतल्या खोलीत एका रांगेत तीन पाट मावतात. तिघांना बसवलं तर एकाची बायको भायेर ऱ्हाती. मेहूण फोडायचं नाय, पाप लागतं. म्हनून म्या म्हनलं, तीन तीन पाटांच्या दोन रांगा समोरासमोर मांडू. सहा जण, तीन मेहुणं. उरलेली सोळा पानं हॉलात.”

मी देवासमोरची वही ओढली. हवेतला ऑक्सिजन एकटा नसतोच, जोडीने असतो. पायातला दोन म्हणजे तेच. O₂ हे मेहूण आहे. गंजात मात्र ऑक्सिजन तीन, म्हणजे दीड जोडपं. एका मेहुणाची ताटातूट. म्हणून तिथे एक रांग चालणारच नाही, दोन लागणार. विषम आकड्याचा हट्ट धरून मी पाच दिवस एका नवऱ्याची बायको बाहेर बसवत होते.

गंजाच्या दोन रांगा मांडल्या, सुपाऱ्या झाल्या चार. मग डावीकडेही चार खडे. चार खड्यांत हळकुंडं आठ. मग उजवीकडे गंधकाचा वायू आठ, प्रत्येकाजवळ एक मेहूण. ऑक्सिजनची पानं मोजली. आत सहा, हॉलात सोळा. बावीस. डावीकडे किती जोड्या हव्यात? मी दोनदा मोजलं. सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी मोजलं, मग लिहिलं.

अकरा.

मी घातला नव्हता तो आकडा. चार, दोन, आठ एवढे सम आकडे सोसल्यावर तो आपला आपण येऊन मधोमध बसला होता, पाकिटातल्या वरच्या रुपयासारखा.

“मालनबाई,” मी म्हटलं, “तुमची अकरा मेहुणं माझ्या वहीत जेवून गेली.”

“वाण दिलं का त्यांना?” मालनबाईंनी विचारलं. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “रडतीस कशाला? जमलं ना? आता माझे पाट कुठून आणायचे ते सांग.”

आमचे सहा पाट मी त्यांना दिले. ह्यांनी वहीत डोकावून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मोजलं. बत्तीस वर्षं विमानाचे नट मोजलेला माणूस. “सैल नाही कुठे,” ते म्हणाले. ह्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

रविवारी पोथी आटोपली. वहीवर खाली जागा होती तिथे नाव लिहायचं होतं. आधी वाटलं, छाया लिहावं, तेच आता खरं आहे. मग कार्यालयातले ते सभ्य गृहस्थ आठवले. बाणाच्या अलीकडची बाई पलीकडे पोचली आहे हे कुणीतरी दाखवायला हवं. मी लिहिलं, ‘राखी लहानू बोरसे, दहावी ब’. वाटेत काही सांडलं नव्हतं.

स्वयंपाकघरात हे चहा करत होते. आठवडाभर माझ्यासमोर पीत होते तो कप आज ओट्यावर रिकामाच होता. सगळा चहा त्यांनी थर्मासमध्ये ओतला, झाकण नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा जास्त आवळलं आणि पिशवीत वहीशेजारी ठेवला. बरोबर दोन कप.

“मी येऊ का?”

“नको. गृहपाठ ज्याचा त्याने दाखवायचा असतो.”

“चूक निघाली तर?”

“तर उद्या पुन्हा दाखवीन,” मी म्हटलं. “बडोद्याला.”

स्टँडवर मनमाडमार्गे जाणारी गाडी लागलेली होती. खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर माझ्यापर्यंत आला.

“कुठं, मावशी?”

“नांदगाव. एक.”

बायकांना हल्ली अर्धं तिकीट असतं. त्याने ते फाडून माझ्या हातात दिलं. शाळेत असताना मला असंच अर्धं तिकीट लागायचं. मी ते घडी करून वहीत, पाचव्या समीकरणाच्या पानात, खूण म्हणून ठेवलं.